सार्वजनिक यूएसबी पोर्ट : परवानगीच्या चौकटीची पार्श्वभूमी

एकाच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही नेण्याची यूएसबीची सोय १९९६ पासूनची आहे. तेव्हा तिला माउस आणि प्रिंटर जोडले जात, त्यामुळे समोरचं यंत्र परकं असेल हा विचारच त्या रचनेत नव्हता.

सार्वजनिक चार्जिंग पोर्टमधून फोनमधला डेटा चोरला जाण्याच्या धोक्याची जाहीर चर्चा २०११ मध्ये सुरू झाली. लास वेगासमधल्या हॅकरांच्या मेळाव्यात काही संशोधकांनी मोफत चार्जिंगचं किऑस्क मांडलं. फोन जोडला की त्याच्या पडद्यावर ‘असल्या किऑस्कवर भरवसा ठेवू नका’ अशा अर्थाचा इशारा झळके. एरवी स्वतःच्या सावलीवरही संशय घेणाऱ्या त्या गर्दीतल्या साडेतीनशेहून अधिक जणांनी फोन लावला होता. चार्जिंगच्या आडून होणाऱ्या अशा चोरीचं ‘ज्यूस जॅकिंग’ हे नाव त्याच ऑगस्टमधलं.

खरा कलाटणीचा निर्णय २०१३ चा. त्या वर्षी अमेरिकी संशोधकांनी चार्जरसारख्या दिसणाऱ्या छोट्या संगणकातून मिनिटभराच्या आत आयफोनमध्ये घातक ॲप घालून दाखवलं. त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ ही चौकट आली. अँड्रॉइडनं यूएसबी डिबगिंगसाठी (केबलनं जोडलेल्या संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या सोयीसाठी) अशीच परवानगी मागायला काही महिने आधीच सुरुवात केली होती, आणि २०१५ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ‘फक्त चार्जिंग’ हाच मूळ पर्याय ठरला. यापेक्षा कडक उपाय करता आला असता, म्हणजे पासकोड टाकल्याशिवाय डेटाच्या तारा बंदच. पण रोज संगणकाला फोन जोडणाऱ्यांची कटकट वाढली असती. प्रत्यक्षात एका टिचकीवर भागवलं गेलं. ती टिचकी फोनच्या मालकाचीच असणार, हे गृहीतक त्या वेळी फारसं कोणी तपासलं नाही. २०१४ मध्येच साधा पेन ड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेऊन आपणच बटणं दाबू शकतो, हे दाखवलं गेलं होतं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

त्याऐवजी पुढची काही वर्षं इशाऱ्यांत गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयानं प्रवाशांना सावध केलं. मात्र विचारणा झाल्यावर त्यांच्या दप्तरी असा एकही खटला निघाला नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेच्या एका प्रादेशिक कार्यालयाचं ट्वीट जगभर फिरलं. त्याचा आधार काय, तर दूरसंचार नियामकाची जुनी सूचना. त्या सूचनेचा आधार २०१९ ची बातमी, आणि बातमीचा आधार पुन्हा तोच वकिली इशारा! प्रत्यक्ष घडलेलं एकही खात्रीशीर प्रकरण आपल्याला ठाऊक नाही, असं नियामकानं नंतर आपल्या पानावर लिहिलं. बातम्यांच्या मथळ्यांना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.

चौकटीचा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा वर आला. ऑस्ट्रियातल्या संशोधकांच्या एका पद्धतीत चार्जर आधी कीबोर्ड असल्याची बतावणी करतो, फोनचं ब्लूटूथ चालू करून स्वतःमधलाच दुसरा, बिनतारी कीबोर्ड त्याला जोडून घेतो. मग यूएसबीवरची भूमिका बदलून तो संगणक बनतो. परवानगीची चौकट उमटली की बिनतारी कीबोर्डवरून तोच ‘हो’ म्हणतो. प्रश्नही चार्जरमुळे आणि उत्तरही चार्जरचंच, मालकाला पत्ता नाही. यासाठी फोन अनलॉक असावा लागतो. पण चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहत बसणाऱ्याचा तो असतोच.

याला उत्तर म्हणून आयओएस १८.४ मध्ये आणि अँड्रॉइड १५ मध्ये नुसत्या टिचकीऐवजी पासकोड किंवा बोटाचा ठसा मागण्याची तरतूद आली. म्हणजे केवळ एका टिचकीवर विसंबणं शेवटी सोडावं लागलं. अँड्रॉइडमध्ये ही तरतूद सगळ्या फोनपर्यंत सारखी पोचलेली नाही. २०२५ मध्ये काही कंपन्यांनी स्वतःच्या आवृत्त्यांत जुनीच टिचकी कायम ठेवली होती, आणि नवीन आवृत्ती न मिळणाऱ्या जुन्या फोनवर तर जुनीच चौकट राखणीला आहे.