टोकामॅकच्या चुंबकांचे जॉब : एवढी अचूकता कशासाठी?

संशोधन संस्थांसाठी चुंबकांचे आधार करून घ्यायला आमच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये ग्राहक आले, की पहिला प्रश्न हमखास येतो : "स्टेनलेसची साधी प्लेट, तिला एवढे पैसे आणि इतके दिवस कशाला?" त्याचे हे उत्तर.

टोकामॅक म्हणजे अणू जुळवून (फ्यूजनने) ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगांसाठीचे, मेदूवड्याच्या आकाराचे निर्वात पात्र. आत हायड्रोजनचा प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातले अणू विद्युतभारित कणांत फुटतात. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून उभारत असलेल्या 'ईटर' या टोकामॅकमध्ये तो 15 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे. तो भिंतीला टेकू नये म्हणून चुंबकीय क्षेत्रात कोंडतात. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामॅक 1989 साली सुरू झाला.

हा प्लाझ्मा मुळातच अस्थिर. त्यातला विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर वाढला की तो पिळवटून वाकतो. आकार उभट असेल तर वर किंवा खाली घसरतो. मग कॉइलमधला, म्हणजे चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्यांमधला, प्रवाह मिलिसेकंदांत बदलून त्याला मध्यावर आणावे लागते. कडेला उसळणारे झोत भिंत झिजवतात. ते आवरण्यासाठी ईटरच्या पात्रात 27 कॉइल योजल्या आहेत.

आमचे काम जिथे जोडले जाते ती गोष्ट वेगळी आहे. क्षेत्राच्या रेषा तुटून नव्याने जुळतात आणि प्लाझ्मात 'चुंबकीय बेटे', म्हणजे स्वतःभोवतीच बंद झालेल्या रेषांचे पुंजके, तयार होतात. बेट फिरत असते तोवर निभावते. पण एखादी कॉइल किंचित तिरकी बसली आणि मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांत एक भागाइतकी चूक राहिली, तरी बेट जागीच अडकू शकते. मग ते वाढते, उष्णता बाहेर निसटते आणि बघता बघता सगळा प्लाझ्मा कोसळतो. बेटावर नेमका मायक्रोवेव्हचा झोत मारून ते बुजवता येते, क्षेत्रातली चूक भरून काढायला ईटरमध्ये 18 सुधारक कॉइलही आहेत. तरीही कॉइल पहिल्यापासून सरळ बसवणे हाच आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय.

धातूचेही तसेच. 304 या नेहमीच्या जातीचे स्टेनलेस थंड वाकवले किंवा बोथट टूलने रेटले, की त्यात चुंबकत्व येते आणि आधारच क्षेत्र बिघडवतो. म्हणून आम्ही 316 एलएन ही सहजी चुंबकत्व न धरणारी जात सुचवतो आणि टूल लवकर बदलतो.

वेळ जातो तो मोजणीत. हे स्टेनलेस मीटरमागे दर अंशाला सुमारे 0.016 मिमी वाढते. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये घेतलेले माप 20 अंश तापमान धरून काढलेल्या ड्रॉइंगशी जुळणारच नाही. त्यामुळे जॉब रात्रभर एसी खोलीत ठेवूनच मोजतो.

चौकशी पाठवताना ड्रॉइंगवर डेटम (मापे जिथून धरायची ती बाजू) आणि चुंबकीय पारगम्यतेची (धातू किती चुंबकत्व घेतो त्याची) मर्यादा जरूर लिहा. ती नसेल तर आम्ही दर देण्याआधी तुम्हाला विचारू.