गुठळी होती की पातळ रक्त?

आजोबा मोरीत घसरतात, डोक्याला टेंगूळ येतं, ओसरतं आणि घरचे विसरूनही जातात. तीन-चार आठवड्यांनी डोकं ठणकू लागतं, एक पाय ओढला जातो. स्कॅनमध्ये दिसतं, की मेंदू आणि त्यावरचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा, यांच्यामध्ये रक्त साचलंय. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते. हा सबड्युरल हेमॅटोमा. सर्जन कवटीचा तुकडा उचलतात, ड्युरा उघडतात, रक्त काढतात.

अमेरिकेतल्या रुग्णालयात असं ऑपरेशन झालं, की त्याची नोट मेडिकल कोडरकडे, म्हणजे उपचारांची नोंद ठरलेल्या कोडमध्ये करणाऱ्याकडे जाते. तो कोडर पुण्यात किंवा चेन्नईत बसलेला असू शकतो. दाखल रुग्णाच्या ऑपरेशनला त्याने आयसीडी-१०-पीसीएस या पद्धतीचा कोड द्यायचा असतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे ही पद्धत लागू आहे. कोडमध्ये सात जागा, प्रत्येक जागी एक अंक किंवा इंग्रजी अक्षर. आय आणि ओ ही अक्षरं वगळलीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

आपल्या रुग्णाचा कोड पाहू: ०-०-९-४-०-झेड-झेड. पहिलं शून्य शस्त्रक्रियेचं. दुसरं मेंदू, मज्जारज्जू आणि कवटीतून निघणाऱ्या मज्जातंतूंचं. हातापायांचे मज्जातंतू असते तर तिथे १ आला असता. चौथ्या जागेवरचा ४ म्हणजे ड्युराखालची पोकळी, पाचवं शून्य म्हणजे उघडून केलेलं ऑपरेशन. दोन झेड सांगतात, की आत काही बसवलं नाही आणि आणखी काही नोंदवायचं नाही.

खरी कसोटी तिसऱ्या जागेची. तिथला ९ म्हणजे ड्रेनेज, द्रव बाहेर काढणं. जुनं साचलेलं रक्त बहुधा गाडीच्या जळक्या ऑइलसारखं काळपट आणि पातळ झालेलं असतं. ताजं रक्त मात्र जेलीसारखं गोठलेलं असतं. ती गुठळी काढणं म्हणजे एक्स्टिर्पेशन, आणि मग ९ च्या जागी सी येतो. आधीच्या आयसीडी-९ मध्ये दोन्हींसाठी ०१.३१ हा एकच कोड होता. तेव्हा प्रक्रियांचे कोड सुमारे ४,००० होते, आता ७०,००० हून अधिक आहेत. मला हा पसारा आवश्यक वाटतो, कारण कोणत्या रुग्णाला कशाने गुण आला हे नंतर शोधणाऱ्याला असेच बारकावे लागतात.

सर्जनचा शब्द मात्र जसाच्या तसा उचलून चालत नाही. ते 'ट्यूमर रिसेक्शन' लिहितात. कोडच्या भाषेत रिसेक्शन म्हणजे तो अवयव किंवा त्याचा कोडमध्ये नोंदलेला भाग पूर्ण काढणं. मेंदूचा थोडासाच भाग कापला असेल, तर ते एक्सिजन. हा अर्थ लावायची जबाबदारी नियमांनीच कोडरवर टाकली आहे.

एवढ्या बारकाव्यात एक उणीव मला खटकते: ऑपरेशन मेंदूच्या डाव्या अर्धगोलावर झालं की उजव्या, हे या कोडमध्ये येत नाही. मेंदूच्या बाबतीत ते सुटायला नको होतं.

आणि नोटमध्ये नुसतं 'हेमॅटोमा काढला' एवढंच असेल तर? कोडरने अंदाज बांधायचा नसतो. तो सर्जनला क्वेरी पाठवतो: रक्त पातळ होतं की गोठलेलं? उत्तर येईपर्यंत तिसरी जागा रिकामी राहते.