लॉवेल गिरणी पद्धती

लॉवेल गिरणी पद्धती ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१४ ते १८५० या काळात रुजलेली कापडउद्योगाची रचना. कापसाची गाठ फोडण्यापासून कापडाची घडी घालण्यापर्यंतची सगळी कामे एकाच इमारतीत होत. यंत्रे पाण्याच्या जोरावर चालत, पैसा भागभांडवली कंपनीचा असे आणि हात प्रामुख्याने खेड्यांतून आलेल्या अविवाहित मुलींचे असत. पहिला प्रयोग वॉल्टहॅम गावी झाला, म्हणून तिला वॉल्टहॅम-लॉवेल पद्धती असेही नाव आहे. या सगळ्या गोष्टी सुट्या सुट्या आधीही होत्या. एकमेकींत घट्ट अडकवून त्या इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम इथे चालवल्या गेल्या. म्हणूनच कापडाचा भाव पडला की त्याचा हिसका थेट या मुली राहत त्या कंपनीच्या खानावळीच्या ताटापर्यंत पोचत असे.

आधीची स्थिती

सॅम्युअल स्लेटर या इंग्रज कारागिराने १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे पाण्यावर चालणारी सूतकताई सुरू केली. त्याचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची मुले. पुढे तिथे अख्खी कुटुंबे गिरणीशेजारी राहू लागली. गिरणीत मात्र फक्त सूत निघे. विणकाम आसपासच्या घरांतल्या हातमागांवर बाहेर दिले जाई, त्यामुळे माल वेळेवर येण्याची शाश्वती नव्हती आणि सुताचे ढीग पडून राहत.

ही अडचण फ्रान्सिस कॅबट लॉवेल या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने हेरली. भारतातून येणाऱ्या कापडाच्या व्यापारात तो मुरलेला होता, आणि बॉस्टनचा ‘इंडिया व्हार्फ’ हा धक्का उभारणाऱ्यांतही तो होता. १८१० ते १८१२ या काळात ब्रिटनमध्ये राहून त्याने तिथल्या गिरण्या पाहिल्या. यंत्रे आणि त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास तिथे बंदी होती, म्हणून यंत्रमागाची रचना त्याने नजरेत साठवून आणली. परतल्यावर पॉल मूडी या कुशल यंत्रकाराच्या मदतीने त्याने स्वतःचा माग जुळवला. १८१३ मध्ये ‘बॉस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स नदीकाठी गिरणी उभी राहिली.

जकात आणि भाव

ब्रिटनशी १८१२ मध्ये जुंपलेले युद्ध संपताच परदेशी कापडाचा लोंढा पुन्हा सुरू झाला. लॉवेलने वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींची मने वळवली. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडावर २५ टक्के जकात बसली. खरी मेख मात्र पुढच्या कलमात होती: चौरस यार्डाला २५ सेंटांहून स्वस्त असलेले कापडही २५ सेंटांचेच धरायचे. म्हणजे प्रत्येक चौरस यार्डावर किमान सव्वासहा सेंट जकात. नऊ सेंटांच्या कापडावर ती जवळजवळ ७० टक्के पडते. भारतातून जाणाऱ्या जाड्याभरड्या स्वस्त कापडाची वाट या एका कलमाने बंद केली, आणि वॉल्टहॅमला नेमके तसलेच जाड पांढरे कापड काढायचे होते. बारीक व छापील ब्रिटिश मालावर या कलमाचा फारसा भार पडला नाही.

त्यानंतर भाव झपाट्याने उतरले. वॉल्टहॅमच्या कापडाचा दर १८१६ मध्ये यार्डाला ३० सेंट होता, १८१९ मध्ये २१, १८२६ मध्ये १३, १८२९ मध्ये साडेआठ आणि १८४३ मध्ये साडेसहा सेंट. पुढची पगारकपात, वाढवलेले माग, संप हे सारे या उतरंडीशेजारी ठेवून वाचावे लागते. भाव उतरला तरी भागधारकांना लाभांश हवाच असे.

पाणी

लॉवेल स्वतः १८१७ मध्ये, ४२ व्या वर्षी वारला. चार्ल्स नदीचे पाणी अपुरे पडू लागल्यावर नेथन ॲपल्टन, पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन आदी भागीदारांनी मॅसॅच्युसेट्समधल्याच मेरिमॅक नदीवरचा पॉटकेट धबधबा (स्लेटरच्या पॉटकेटहून वेगळा) निवडला. इथे नदी सुमारे मैलभरात ३२ फूट उतरते. लाकूड वाहून नेण्यासाठी धबधब्याला वळसा घालून १७९६ मध्ये काढलेला एक कालवा तिथे आयताच होता. १८२१ मध्ये भागीदारांनी गाजावाजा न करता कालव्याची कंपनी आणि आसपासची शेते विकत घेतली. ही जागा मुळात पेनाकुक आदिवासींची मासेमारीची. वसंतात सॅमन आणि शॅड मासे इथे वर चढत. बंधारे वाढत गेले तसे ते संपले.

१८२३ मध्ये इथे याच भागीदारांच्या मेरिमॅक कंपनीचे चाक फिरले. १८२६ मध्ये गावाला लॉवेलचे नाव मिळाले, १८३६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. १८३० च्या शिरगणतीत ६,४७४ लोक होते, १८५० च्या शिरगणतीत ३३,३८३.

पाणी विकण्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. कालवा कंपनी ते ‘मिल-पॉवर’ या मापाने भाड्याने देई. वॉल्टहॅमच्या दुसऱ्या गिरणीतल्या ३,५८४ चात्या, त्यांच्या आधीची पिंजणयंत्रे आणि नंतरचे माग चालवायला लागणारे पाणी म्हणजे एक मिल-पॉवर. ३० फुटांच्या उतारावर त्यासाठी सेकंदाला २५ घनफूट पाणी धरत. कालवे दोन पायऱ्यांचे होते, म्हणून १७ फुटांच्या पायरीवर ४५.५ आणि १३ फुटांच्या पायरीवर ६०.५ घनफूट. ३० फुटांच्या मापाची शक्ती हिशेबाने ८५ अश्वशक्ती भरते. चाकातली तूट वजा जाता ६० च्या आसपास हाती लागे. गिरणी, जमीन, यंत्रे आणि पाण्याचा हक्क असा सगळा संच कालवा कंपनी नव्या कंपन्यांना विकत असे. १८४० पर्यंत अशा दहा मोठ्या कंपन्या झाल्या.

घोळ होई तो पुराच्या वेळी. चाकाखालून पाणी निघून जाण्याच्या चरात नदी फुगून उलटी चढली, की लाकडी चाकाचा खालचा भाग बुडे. बुडालेली पाती पाणी ढकलत बसत, वेग पडे आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरचे माग मंदावत. उन्हाळ्यात उलट दुखणे: पाणी कमी आणि गिऱ्हाईक गिरण्या जास्त. १८४४ मध्ये युरिया बॉयडन या अभियंत्याने ॲपल्टन गिरणीत टर्बाइन बसवले. टर्बाइन पाण्यात बुडूनही फिरते, त्यामुळे पुराचे दुखणे बरेच आटोक्यात आले. त्याच्या १८४६ च्या टर्बाइनांनी पाण्यातली ८८ टक्के शक्ती काढून दिली. कालवा कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बी. फ्रान्सिस याने मोजमापे घेऊन ही रचना सुधारली. त्याच्या नावाचे टर्बाइन आज जगभर आहे. कोयना प्रकल्पाच्या कोळकेवाडी वीजगृहातही याच जातीची टर्बाइने फिरतात. फ्रान्सिसने १८५० मध्ये जुन्या कालव्याच्या तोंडाशी एक प्रचंड लाकडी दार टांगून ठेवले. लोकांनी त्याला खुळेपणा म्हटले. १८५२ च्या पुरात ते खाली सोडले आणि शहर वाचले. १९३६ मध्ये ते पुन्हा कामी आले.

गिरणीच्या आत

इमारत विटांची, चार ते सहा मजली, लांब आणि अरुंद. रुंदी सुमारे ४५ फूट ठेवत, कारण उजेड खिडक्यांतूनच मधल्या यंत्रांपर्यंत पोचायला हवा. तळमजल्याखाली चाक. त्यावर पिंजणखाते, वर कताई, त्यावर दोन मजले माग, सर्वांत वर ताणा खळवण्याचे काम. जड यंत्रे खाली ठेवण्यामागे इमारतीची काळजी होती. १८२८ पासून शक्ती वर नेण्यासाठी दातेरी चाकांऐवजी चामडी पट्टे आले. ते कमी आवाज करत आणि तुटले तर लवकर जोडता येत.

कापूस झोडून साफ करणे आणि पिंजणे हे धुळीचे काम बहुतेक पुरुषांकडे होते. पेळू ओढून एकसारखे करणे, कातणे, विणणे ही कामे मुलींची. ताण्याला स्टार्चची खळ लावून वाळवणे आणि प्रत्येक धागा आकड्याने ओढून वहीतून (ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या मागाच्या भागातून) व फणीतून ओवणे या कामांना नजर आणि सराव लागे, म्हणून त्यांची मजुरीही बरी असे. खळ पातळ झाली तर ताणा मागावर घासून तुटतो. जाड झाली तर धागा कडक होऊन मोडतो. कोरड्या हवेतही सूत तुटते. त्यासाठी मागखात्याच्या खिडक्या बंद करून आत वाफ सोडत. दमट हवा, कापसाची तूस आणि हिवाळ्यात तेलाच्या दिव्यांचा धूर, हे सगळे दिवसाचे बारा-तेरा तास छातीत जाई. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. तिने एकीचा आजार दुसरीकडे जाई.

पन्हा आपोआप ताणून धरणारे साधन १८१६ मध्ये निघाले आणि एका बाईला दोन माग पाहता येऊ लागले. १८४० नंतर दोनाचे तीन, तिनाचे चार झाले. यंत्रांचा वेगही वाढवला गेला. जास्त माल काढून देणाऱ्या मुकादमांना बक्षीस मिळे आणि विणकरणीचा दर नगावर असे. या दोन्हींच्या मधल्या चिमट्यात ती सापडली.

मुली, खानावळ आणि घंटा

न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेन इथल्या शेतकऱ्यांच्या मुली साधारण १५ ते ३० वयाच्या. घरचे कातणे-विणणे गिरणीच्या स्वस्त कापडाने आधीच मोडीत काढले होते, हे विसरू नये. १८३६ मध्ये लॉवेलच्या हॅमिल्टन कंपनीत कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रिया होत्या आणि जवळजवळ सगळे कामगार अमेरिकेतच जन्मलेले होते. आठवड्याला सुमारे ७३ तास काम. सरासरी कमाई सव्वातीन डॉलर. त्यातून राहण्या-जेवणाचे सव्वा डॉलर कापले जात. हातात दोनेक डॉलर राहत. गावी शिक्षिका किंवा मोलकरीण होऊन एवढे मिळत नसे, आणि ही रोख रक्कम मुलीच्या स्वतःच्या नावावर असे. १८२९ मध्ये लॉवेलमध्ये बचत पेढी निघाली. कोणी भावाच्या शिक्षणाला पैसे पाठवी, कोणी लग्नासाठी साठवी, कोणी नुसते आपल्या पायावर उभे राहण्यासाठी.

कंपनीच्या खानावळीत २५ ते ४० जणी राहत. एका खोलीत चार ते आठ, एका खाटेवर दोघी. चालवणारी बाई बहुधा विधवा. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचे. वर्षभर काम करून दोन आठवड्यांची पूर्वसूचना दिली तर ‘सन्मानाने मुक्त’ असा दाखला मिळे. तो नसला तर दुसऱ्या गिरणीत शिरता येत नसे, कारण कंपन्या एकमेकींना नावे कळवत. आईबापांना या शिस्तीचा विश्वास वाटे आणि कंपन्यांना तिचा उपयोग होई. पहाटेची घंटा, न्याहारीची घंटा, दिवे लावण्याचा हंगाम: सूर्य आणि गुरांच्या वेळांवर वाढलेल्या मुलींना मिनिटांवर जगणे इथे शिकावे लागले.

पण खानावळीने आणखीही एक घडवले. जिथे सगळ्या एकत्र जेवत आणि झोपत, तिथे संपाची बातमी तासाभरात फिरे. फेब्रुवारी १८३४ मध्ये पगारकपातीविरुद्ध सुमारे ८०० जणी बाहेर पडल्या. काही दिवसांत संप फसला. ऑक्टोबर १८३६ मध्ये राहण्या-जेवणाचा दर आठवड्याला साडेबारा सेंटांनी वाढला, तेव्हा दीड ते दोन हजार जणी महिनोन्‌महिने तग धरून राहिल्या आणि काही ठिकाणी वाढ मागे घेतली गेली. मोक्याच्या खात्यांतल्या बायका बाहेर आल्या तर उरलेली गिरणीही थांबते, हे त्यांना पुरते कळले होते.

१८४५ पासून सारा बॅग्ली हिच्या पुढाकाराने ‘लॉवेल फीमेल लेबर रिफॉर्म असोसिएशन’ दहा तासांच्या दिवसासाठी लढली. त्या वर्षी विधिमंडळाच्या समितीपुढे कामकरी स्त्रियांनी साक्षी दिल्या. समितीने कायदा करायला नकार दिला. पुढच्या वर्षी सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज गेला, तोही फेटाळला गेला. १८४६ मध्ये लॉवेलच्याच मॅसॅच्युसेट्स कंपनीने चौथा माग देऊन दर उतरवला, तेव्हा मात्र जवळजवळ सगळ्या विणकरणींनी नकाराच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आणि कंपनीने माघार घेतली. कंपन्यांनी दिवस अकरा तासांवर आणला तो १८५३ मध्ये. स्त्रिया व मुलांसाठी दहा तासांचा राज्य कायदा व्हायला १८७४ उजाडले.

कापूस

लॉवेलचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमाचा. त्या गुलामांच्या अंगावरचे भरड कापडही मोठ्या प्रमाणात इथूनच जाई, इतके की दक्षिणेत त्या कापडालाच ‘लॉवेल’ म्हणत. १८४८ मध्ये गुलामगिरीविरोधी नेता चार्ल्स सम्नर याने या संबंधाला ‘चाबकाचे सरदार आणि मागाचे सरदार’ यांची अभद्र युती म्हटले, ते वर्णन नेमके आहे.

मोड

१८४० च्या दशकात दुष्काळग्रस्त आयरिश कुटुंबे येऊ लागली. त्यांना परतायला शेत नव्हते. कपात झाली की गावी निघून जाण्याची जी मोकळीक आधीच्या यांकी (न्यू इंग्लंडच्या) मुलींना होती, तीच या पद्धतीतली त्यांची खरी ताकद होती. ती गेली आणि कंपन्यांना खानावळी, शिस्त, सदाचार यांवर खर्च करण्याचे कारणही उरले नाही. १८६० पर्यंत हॅमिल्टन कंपनीतले ६० टक्क्यांहून अधिक कामगार परदेशात जन्मलेले होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेतला कापूस मिळेनासा झाला. कापसाचे भाव चढताच लॉवेलच्या बहुतेक कंपन्यांनी माल विणण्याऐवजी साठवलेला कापूस विकला आणि कामगारांना घरी बसवले. याच टंचाईने मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तिथले शेअर कोसळले. लॉवेलच्या गिरण्या युद्धानंतर पुन्हा सुरू झाल्या, पण अनुभवी कामगार तोवर पांगले होते. १९२० च्या दशकात धंदा दक्षिणेकडे सरकला. १९७८ मध्ये गिरण्या आणि कालव्यांचा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. तिथल्या बूट गिरणीच्या एका मजल्यावर विसाव्या शतकातले यंत्रमाग चालवून दाखवतात. आत जाणाऱ्यांना कानात घालायला बोळे देतात.