माशाची लाल रक्तपेशी विषाणूशी लढते तेव्हा

सॅमन माशाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लंबगोल लाल पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद केंद्रक दिसते. माणसाची लाल पेशी पक्व होतानाच केंद्रक टाकून देते, त्यामुळे प्राणवायू वाहण्यापलीकडे तिला फारसे काही करता येत नाही. माशाच्या लाल पेशीत मात्र जनुके शाबूत असतात, अगदी आपल्या ताटातल्या रोहूच्याही, आणि विषाणू शिरला की ती कामाला लागतात.

नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या अटलांटिक सॅमनमध्ये १९९९ साली हृदय आणि अंगाच्या स्नायूंना सूज आणणारा आजार आढळला. त्यामागच्या पिसाइन ऑर्थोरिओव्हायरसची ओळख २०१० साली पटली. आजार हृदयाचा असला, तरी विषाणूचे मोठे ठाणे रक्तात असल्याचे पुढे उघड झाले. संसर्ग ऐन भरात असताना निम्म्याहून अधिक लाल पेशी बाधित असू शकतात आणि त्यांच्या पेशीद्रवात विषाणूच्या प्रती घडवणारे गोलसर पुंजके दिसतात.

या विषाणूची जनुके दुपदरी आरएनएच्या, म्हणजे जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूच्या, दहा तुकड्यांत असतात. असा लांब दुपदरी आरएनए निरोगी पेशीत सहसा नसल्याने तोच घुसखोराची खूण ठरतो. रिग-आय हे प्रथिन ती खूण ओळखते, पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारे प्रथिन सोडते आणि त्यामुळे शेजारच्या पेशीही सावध होऊन एमएक्स, पीकेआर अशी विषाणूरोधी प्रथिने बनवू लागतात. यांतले पीकेआर मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण दुपदरी आरएनएची गाठ पडताच ते पेशीतली प्रथिननिर्मितीच रोखते; विषाणूची कोंडी करताना पेशी स्वतःच्या कामालाही खीळ घालते.

या सावधपणाचा फायदा अनपेक्षित ठिकाणीही दिसला: आधी या विषाणूची लागण झालेल्या सॅमनमध्ये, प्रयोगांत, स्वादुपिंडाचा आजार आणणाऱ्या वेगळ्याच विषाणूचा जोर कमी राहिला. तरीही पहिला विषाणू पुरता हटत नाही. त्याची प्रथिने घटतात, पण आरएनए लाल पेशींत दीर्घकाळ टिकून राहतो. पेशी नेमकी कुठे कमी पडते, हे शोधणे अवघड आहे, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशीवाणांत, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींत, हा विषाणू नीट वाढत नाही; संशोधकांना निरोगी सॅमनचे ताजे रक्त काढून त्यातल्या पेशींनाच लागण करावी लागते.