पार्श्वभूमी : जीबीएसच्या रिपोर्टवर ‘ॲक्सॉनल’ कुठून येते?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळा संशय विहिरीच्या पाण्यावर आला. कोल्हापूर जिल्ह्यातही रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या. पाण्यातून येणारे दुखणे इकडे नवे नाही. २०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती ती हेपटायटिस ई विषाणूची, आणि हाच विषाणू काही जणांत जीबीएसला निमित्त ठरतो, हे दोनच वर्षांनी नेदरलँड्समधल्या अभ्यासाने दाखवले. तिथल्या जीबीएस रुग्णांपैकी सुमारे ५ टक्क्यांत त्याचा ताजा संसर्ग आढळला होता.

साथीच्या त्या दिवसांत एनसीव्हीचा, म्हणजे नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेशाचा वेग मोजण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट घरोघरी वाचला गेला. आकड्यांच्या तक्त्यांतून सामान्य माणसाला काही उमगत नाही. तो शेवटची ओळ बघतो, आणि तिथे ‘डिमायलिनेटिंग’ (नसेवरचे वेष्टण गेलेले) किंवा ‘ॲक्सॉनल’ (आतला तंतूच बिघडलेला) लिहिलेले असते. ‘ॲक्सॉनल’ दिसले की नातेवाईकांचा धीर सुटतो, कारण तोवर कुणीतरी मोबाइलवर शोधून ‘हा वाईट प्रकार’ असे सांगून मोकळे झालेले असते. या शब्दाला एवढे वजन कसे आले, हे बघायला जुना इतिहास थोडाच लागतो. खरा गुंता १९८६ नंतरचा आहे.

जुने थोडक्यात. बेडकाच्या पायाला विजेने झटका बसतो, हे इटलीतून १७९१मध्ये प्रसिद्ध झाले. नसेतून संदेश किती वेगाने जातो ते १८५०मध्ये जर्मनीत मोजले गेले, तेही बेडकावरच. वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, नस तुटली की तुटल्या जागेच्या पुढचा तंतू हळूहळू मरत जातो, ही गोष्ट नोंदली गेली. स्नायूत सुई घालून त्यातली वीज टिपण्याची पद्धत १९२९ची. माणसाच्या नसेचा वेग दवाखान्यात मोजण्याजोगा झाला तो १९४८ नंतर, आणि १९५६मध्ये मनगटाशी दबलेल्या मीडियन नसेत वेग नेमका तिथेच मंदावतो, असे दाखवले गेले. आज तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण याच दुखण्याचे असतात. हुपरीचा चांदीचा कारागीर असेल, इचलकरंजीचा यंत्रमागावरचा कामगार असेल, नाहीतर दोन वेळा म्हशीच्या धारा काढून रात्री बोटे बधिर होतात म्हणून आलेली बाई.

सुरुवातीच्या या संशोधकांना एक गोष्ट लवकर कळली होती, ती म्हणजे गार हाताचा आकडा खोटा असतो. त्वचेचे तापमान एक अंश उतरले की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी भरतो. डिसेंबरातल्या सकाळी पन्हाळ्याकडून दुचाकीवर आलेल्या माणसाचा हात गरम न करता तपासला, तर धडधाकट नसही आजारी ठरेल. पुढे येणाऱ्या टक्केवाऱ्या वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

मधल्या काळात आपल्याकडे नसांच्या विकारांचा मोठा भाग कुष्ठरोगाने व्यापलेला होता. कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको, शेंडा पार्क म्हटले की जुन्या माणसांना आधी कुष्ठधामच आठवते. कोपरामागची अल्नर नस जाड होणे, पाऊल लोंबणे, चटका बसूनही न कळणे, ही लक्षणे तिथे रोजची. १९८३पासून देशात अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आणि २००५च्या डिसेंबरात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी गाठल्याचे जाहीर झाले. पुढे उत्तर भारतात ३०३ नव्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसले की हातापायाची संवेदना नायलॉनच्या धाग्याने तपासून जो बिघाड कळतो, तो विजेच्या तपासणीत बारा आठवडे किंवा त्याहूनही आधी दिसू शकतो. बारा आठवडे आधी कळले, तर स्टिरॉइड देऊन हात वाचवता येण्याची शक्यता राहते. असे असूनही ही तपासणी कुष्ठरोगाच्या कामात कधी नित्याची झाली नाही. यंत्र, वीज आणि शिकलेला माणूस या तिन्ही गोष्टी गावपातळीवर एकत्र येत नव्हत्या. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे, पण तिच्यावर वादही फारसा झाला नाही.

वाद झाला तो जीबीएसवर.

१९१६मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले तेव्हा विजेच्या तपासणीला त्यात फारसे स्थान नव्हते, पाठीच्या पाण्यातल्या प्रथिनांवर भर होता. १९६९मध्ये मृत रुग्णांच्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निष्कर्ष निघाला की यात नसेवरचे मायलिनचे वेष्टण सोलले जाते. तेव्हापासून जीबीएस म्हणजे मायलिनचा आजार, हे समीकरण पक्के बसले. वेष्टण गेले की वेग घटतो आणि आतला तंतू गेला की स्नायूत उमटणाऱ्या प्रतिसादाची उंची घटते, हा ढोबळ नियम. त्यामुळे जीबीएसमध्ये वेग घटलेलाच सापडायला हवा, अशी अपेक्षा तयार झाली.

१९८६मध्ये कॅनडातून पाच रुग्णांचा अहवाल आला. त्यांच्या नसा कितीही विजेला दाद देत नव्हत्या, आजार तीव्र होता आणि सुधारणा फार कमी झाली. तंतूच मेला आहे, हा आजाराचा वेगळा प्रकार आहे, असे लेखकांचे म्हणणे होते. ‘ॲक्सॉनल म्हणजे वाईट’ या समजुतीचे मूळ या पाच माणसांपाशी आहे. या निष्कर्षावरही तेव्हाच आक्षेप आले होते. मायलिनचा हल्ला नसेच्या अगदी टोकाला जोरात झाला, तरी प्रतिसाद शून्य दिसू शकतो.

पाच वर्षांनी उत्तर चीनमधल्या खेड्यापाड्यांतून मुलांच्या लकव्याची वर्णने आली. उन्हाळ्यात वाढणारा, संवेदना शाबूत ठेवून फक्त हालचालीच्या नसांवर येणारा हा आजार कॅम्पायलोबॅक्टरशी जोडला गेला. वेग ठीक आणि उंची घसरलेली, म्हणजे नियमाप्रमाणे ॲक्सॉनल. पण यातली बरीच मुले लवकर बरी झाली, मायलिनच्या प्रकाराइतकीच किंवा त्याहूनही वेगाने. मेलेला तंतू इतक्या झपाट्याने वाढत नाही. तेव्हा तो मेलाच नसावा, नुसता बंद पडलेला असावा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधून याचे स्पष्टीकरण पुढे आले. जिवाणूच्या आवरणातली साखर नसेवरच्या गँग्लिओसाइड या साखर जोडलेल्या स्निग्ध रेणूसारखी असते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या जागी जाऊन बसतात आणि तिथे संदेश अडतो. हल्ला तिथेच थांबला तर काही दिवसांत ते मोकळे होते, चालू राहिला तर तंतू खरोखर मरतो.

इथे कंडक्शन ब्लॉक या खुणेचा पेच सुरू होतो. कोपरापाशी वीज दिली तर प्रतिसाद छोटा आणि मनगटापाशी दिली तर मोठा, म्हणजे मधे कुठेतरी अडथळा. वर्षानुवर्षे हा मायलिन गेल्याचा हुकमी पुरावा मानला जात होता. आता कळले की ॲक्सॉनल प्रकारातही सुरुवातीला हुबेहूब असेच दिसते. शिवाय किती घट झाली की ब्लॉक म्हणायचे, यावरही एकमत नव्हते. १९९१च्या एका समितीने जुनाट प्रकारासाठी, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या अशाच आजारासाठी, २० टक्क्यांची घट पुरेशी धरली. तंतूंचे वेग थोडे मागेपुढे झाले तरी एकमेकांच्या लाटा खोडून निघतात आणि एवढी घट सहज दिसते, असा आक्षेप आला. १९९९मध्ये तज्ज्ञांच्या दुसऱ्या एका सहमतीत नसेनुसार वेगळे आकडे ठरले आणि ‘निश्चित’ व ‘संभाव्य’ असे दोन कप्पे पडले. जीबीएससाठी १९९५च्या चीनमधल्या अभ्यासाने ब्लॉक हा निकषच वगळला. १९९८च्या युरोपीय निकषांत मात्र तो निम्म्याहून अधिक घट या रूपात राहिला.

१९९८चे हे निकष महत्त्वाचे, कारण ते एका मोठ्या उपचार-चाचणीच्या माहितीवर बेतले होते. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणे, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) आणि दोन्ही एकापाठोपाठ, अशी तुलना ३८३ रुग्णांवर झाली होती आणि फायदा जवळपास सारखाच निघाला. त्यांतल्या ३६९ जणांच्या तपासण्या लावून पाहिल्या तर ६९ टक्के मायलिनचे, ३ टक्के ॲक्सॉनल आणि २३ टक्के कुठल्याच कप्प्यात न बसणारे. ही वर्गवारी संशोधनासाठी होती. चाचणीत आलेले रुग्ण एकमेकांशी ताडून पाहता यावेत, एवढाच तिचा हेतू. तिच्यावरून कुणाला कोणता उपचार द्यायचा हे ठरत नव्हते, आजही ठरत नाही. रुग्ण कोणत्याही प्रकारचा असो, इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोमागे एकूण २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम. कप्प्यांची ही भाषा मात्र रोजच्या रिपोर्टच्या साच्यात उतरली आणि हेतू मागेच राहिला.

२०१०मध्ये इटलीतून याला धक्का बसला. त्याच रुग्णांच्या तपासण्या पुन्हा केल्यावर ॲक्सॉनल ठरणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या तपासणीच्या जवळपास दुप्पट झाले. पहिल्या वेळी ज्यांना मायलिनचे म्हटले होते, त्यांतले काही प्रत्यक्षात त्या काही दिवसांत मोकळ्या होणाऱ्या अडथळ्याचे होते. २०१५मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या तज्ज्ञांनी उलट वाट धरली. पहिल्याच तपासणीत बरोबर उत्तर मिळावे म्हणून त्यांनी निकष कडक केले. आधी वेग सामान्य मर्यादेच्या ९० टक्क्यांखाली गेला की मायलिनकडे बोट दाखवले जाई, आता ७० टक्क्यांखाली जावा लागे. हाताच्या नसेची खालची मर्यादा सेकंदाला ५० मीटर धरली, तर ४२ मीटर वेग जुन्या निकषाने मायलिनकडे झुकतो, नव्याने नाही, कारण नवी रेषा ३५वर आहे. वर सांगितलेला गार हात इथे आठवावा. अंशभर तापमानाने हलणाऱ्या आकड्यावर नातेवाईकांची झोप अवलंबून असते.

एकदाच तपासून पुरते की दुसरी तपासणी हवीच, यावर दोन्ही बाजूंचे शोधनिबंध आजही निघतात. एका तपासणीवाले म्हणतात की उपचार बदलणार नसेल तर अशक्त माणसाला पुन्हा शॉक कशाला द्यायचे. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे जास्त पटते. पहिल्या आठवड्यात तपासणी नॉर्मलही येऊ शकते, फार तर एफ-वेव्ह (कण्यापर्यंत जाऊन परत येणारा प्रतिसाद) गायब असते. सुईच्या तपासणीत तंतू मेल्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे चालायला किती काळ लागेल, या घरच्यांच्या एकमेव प्रश्नाचे उत्तर पहिल्या रिपोर्टमध्ये बहुधा नसतेच. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडेफार मिळू शकते.

अडचण अशी की तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ज्याच्या पायातनं जीव गेलाय त्याला गाडी करून फक्त तपासणीसाठी आणणे म्हणजे एका माणसाची मजुरी, गाडीभाडे आणि तपासणीचे पैसे. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्यांसाठी आधीच कर्ज काढलेल्या घराला हे सांगणे सोपे नाही. एकदाच तपासून निभावण्याची पद्धत इकडे रूढ राहिली तिला ही कारणेही आहेत, ती सगळी निबंधांतली नाहीत.

मधुमेहाच्या नसांबद्दल एवढेच, की तळपाय जळतात आणि तरी एनसीव्ही नॉर्मल येते, यात यंत्राचा दोष नसतो. ही तपासणी जाड तंतूंचे मोजते. आग आणि वेदना बारीक तंतूंतून जातात, ते तिच्या टप्प्यातच येत नाहीत. साखर काटेकोर ठेवल्याने नसांचा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे १९९३मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने टाइप १च्या रुग्णांत दाखवले. टाइप २मध्ये हा फायदा तितका ठळक दिसलेला नाही.

अलीकडची दोन वळणे थेट उपचाराशी संबंधित आहेत. सुधारणा होत नाही म्हणून इम्युनोग्लोब्युलिनचा दुसरा डोस देण्याची चाल होती. २०२१मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीने तो निष्फळ ठरवला, शिवाय गंभीर दुष्परिणाम वाढले. बांगलादेशात २०१८मध्ये वीस रुग्णांवर थोड्या थोड्या प्रमाणात प्लाझ्मा काढण्याची स्वस्त रीत करून पाहिली गेली, ती निभावण्याजोगी निघाली, पण ती किती गुणकारी आहे हे सांगायला मोठी चाचणी लागेल. जुनाट प्रकारासाठी २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ‘निश्चित, संभाव्य, शक्य’ या तीन कप्प्यांचे दोन केले. जीबीएसच्या रिपोर्टवर मात्र पहिल्याच आठवड्यात एका शब्दाचा निर्णय अजून लिहिला जातो, आणि तो कोणत्या वर्षीच्या निकषाने दिला हे बहुतेक वेळा त्यावर लिहिलेले नसते.