मुंबईसमोरच्या अरबी समुद्राचे पृष्ठतापमान व लवणता

समुद्राच्या वरच्या थरातील पाण्याची उष्णता आणि खारेपणा (लवणता) ऋतुमानानुसार बदलतात. हवामानाच्या मोठ्या चक्रांमुळे हा बदल वर्षागणिकही कमीजास्त होतो.

मुंबईसमोरचा समुद्र वर्षातून दोनदा तापतो, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. मधल्या काळात ढग आणि नैर्ऋत्य वारे त्याला निववतात. अरबी समुद्रात पाऊस व नद्यांच्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त असल्यामुळे खुल्या समुद्रात एक किलो पाण्यात साधारण ३५ ते ३६ ग्रॅम क्षार असतात. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत उन्हाने घडते तेच इथे अफाट प्रमाणावर घडते. पावसाळ्यात ठाण्याच्या आणि माहीमच्या खाडीचे पाणी मात्र बरेच गोडे होते.

बातम्यांत तापमानाचीच चर्चा असते. लवणतेला तितकेच महत्त्व मिळायला हवे, कारण पाण्याचे जडपण तीही ठरवते. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावरून कोरडे ईशान्य वारे वाहतात. तेथील पाणी थंड व अधिक खारे, म्हणून जड होऊन खाली बसते. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातले कमी खारे, हलके पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते. आग्नेय अरबी समुद्रात त्याचा थर वर तरंगत राहतो आणि उष्णता खाली मिसळू देत नाही. केरळसमोरचा समुद्र उन्हाळ्यात इतका तापतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

हिंदी महासागरातील द्विध्रुव (पश्चिम व पूर्व भागांतील पाण्याच्या तापमानाचा मोठा फरक) ही स्थिती १९९९ मध्ये शास्त्रीय साहित्यात मांडली गेली. धन द्विध्रुवात पश्चिमेकडचे पाणी तापते, सुमात्राजवळचे निवते. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची, भारतात पाऊस सहसा घटवणारी स्थिती) असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, त्याचे श्रेय पुष्कळदा या स्थितीला दिले जाते. तापलेले पाणी चक्रीवादळांना बळ देते. २०१९ च्या तीव्र धन द्विध्रुवाच्या वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ उठले. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठतापमान सरासरी सुमारे १ अंश सेल्सियसने वाढले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले, तर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईच्या जवळून गेले.

पृष्ठतापमान उपग्रहांवरून अनेक दशके मोजले जाते. लवणता २००९ पासून. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती सेवा केंद्र पृष्ठतापमान व पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींच्या हरितद्रव्याच्या नोंदींवरून मच्छीमारांना माशांच्या संभाव्य जागा कळवते. ट्रॉलरवाल्यांना त्याचा उपयोग होतो. बोंबलासाठीचे डोल जाळे मात्र भरती-ओहोटीच्या ओढीत एकाच जागी रोवलेले असते. ते माशामागे नेता येत नाही.