शोधणारे बोट आणि दाबणारे बोट

एटीएमच्या अंकफलकावर पाचच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. डोळसांच्या तो सहसा लक्षातही येत नाही, पण दृष्टिहीन माणसाच्या बोटाला तो सापडला, की बाकीचे अंक त्याच्या भोवतीने आपोआप हाती लागतात. सपाट काचेच्या टचस्क्रीनवर अशी खूण नसते. पण खरी अडचण त्याहून खोल आहे.

आजच्या बहुतेक टचस्क्रीनमध्ये इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असतो. बोट टेकताच तेथील विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि हा बदल कोठे झाला यावरून यंत्र स्पर्शाची जागा ओळखते. त्यासाठी दाब लागत नाही. कळफलकावरून नुसता हात फिरवला तर काही बिघडत नाही. काचेवर मात्र चाचपणे आणि दाबणे ही एकच क्रिया होऊन बसते, त्यामुळे तिकीट शोधता शोधता भलतेच तिकीट निघू शकते. या दोन क्रिया पुन्हा वेगळ्या कशा करायच्या, हाच माझ्या मते सुलभ रचनेचा, म्हणजे अपंगांसह सर्वांना वापरता येईल अशा रचनेचा, गाभा आहे.

2009 मध्ये आयफोनवर आलेल्या व्हॉइसओव्हरने त्यावर एक तोड दाखवली: बोट फिरवल्यास फोन त्याखालचे नाव नुसते वाचून दाखवतो, निवड होते ती दोनदा टिचकी मारल्यावर. त्याच सुमारास पुण्यात वाढलेले आणि स्वतः दृष्टिहीन असलेले संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांनी गूगलमध्ये वेगळी युक्ती वापरली. बोट प्रथम जेथे टेकेल तोच पाचचा अंक मानायचा आणि तेथून ते ज्या दिशेला सरकेल त्यावरून पुढचा अंक ठरवायचा. म्हणजे कळीवरचा तो उंचवटा बोटाबरोबरच काचेवर येतो.

पण फोन रोजच्या हाताखालचा असतो. स्थानकावरच्या यंत्रासमोर माणूस कदाचित पहिल्यांदाच उभा असतो आणि मागे रांग ताटकळत असते, तेव्हा नव्या खुणा शिकायला सवड कोठून मिळणार? म्हणून अशा यंत्रांना पडद्याखाली वेगवेगळ्या आकारांच्या मोजक्या खऱ्या कळा आणि हेडफोनसाठी खाच देणे अधिक शहाणपणाचे. हेडफोन जोडताच यंत्राने बोलू लागावे, आणि मागच्याला खात्यातली शिल्लक दिसू नये म्हणून मागितल्यास पडदा काळा करावा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 1 जुलै 2014 पासून बसणारी नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळा असलेली असावीत, असे बँकांना सांगितले.

उंचीचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या सुलभ रचनेच्या 2010 च्या मानकांनुसार, मध्ये अडथळा नसल्यास, हाताने वापरायचे भाग जमिनीपासून 1220 मिलिमीटरपेक्षा उंच नसावेत, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही हात पोचतो. देवनागरीची अडचण मात्र आपली स्वतःची आहे: रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात.

वेळेच्या मर्यादेकडे फारसे कोणी पाहत नाही. एका स्थानकावर एक आजोबा चष्मा बदलून गावांची यादी वाचत होते. बोट नावापर्यंत पोचणार, तोच पडदा पहिल्या पानावर गेला. त्यांनी तीनदा सुरुवात केली आणि मग ते मुकाट्याने खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ‘आणखी वेळ हवा का?’ एवढे विचारायला त्या यंत्राला एक बटण पुरले असते.